रीपर: तानपुरा ऐकू येतो पण मिक्सच्या फाइलमध्ये नाही, आणि हार्मोनियमच्या स्टेममध्ये गाणं शिरलंय

रामबागकर

मंडळी, इंदूरला झालेल्या नाट्यसंगीताच्या एका बैठकीचं रेकॉर्डिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स करतोय. ५२ मिनिटांचं आहे. डिजिटल मिक्सरवरून आठ चॅनलची एकच वेव्ह फाइल मिळाली, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. चॅनलचा क्रम असा: १ गायन, २ हार्मोनियम, ३ तबला, ४ डग्गा, ५ व्हायोलिन, ६ इलेक्ट्रॉनिक तानपुरा (थेट लाइन), ७ आणि ८ सभागृहातले माइक. फाइल फोडून आठ ट्रॅक केलेत. तबला-डग्गा एका फोल्डरमध्ये आहेत. गाणं सुरू झालं की हार्मोनियम दोन-तीन डीबी खाली जावी म्हणून गायनाचा सेंड (आवाजाची जादा वाट) हार्मोनियमच्या ट्रॅकच्या चॅनल ३/४ वर दिलाय आणि तिथला कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं प्लगइन) त्या चॅनलवर ऐकतो, म्हणजे साइडचेन. रिव्हर्बचा (गुंजेचा) ट्रॅक वेगळा आहे, त्याला गायन, व्हायोलिन आणि थोडा तबला जातो. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, कॉम्प्रेसर आणि लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारा).

व्हिडिओ करणाऱ्याला पूर्ण मिक्स आणि वेगवेगळे स्टेम (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) दोन्ही द्यायचे आहेत. अडचणी चार.

तानपुरा वाजवताना स्वच्छ ऐकू येतो, मास्टर मिक्सच्या फाइलमध्ये अजिबात नाही. त्याचा एकट्याचा स्टेम मात्र बरोबर निघतो! हार्मोनियमची फाइल १.८ जीबी होते, बाकीच्या प्रत्येकी ९०० एमबीच्या आसपास, आणि व्हिडिओवाला म्हणतो की त्या फाइलमध्ये गाणंही आहे. गायनाचा स्टेम कोरडा येतो, रिव्हर्ब नाही. आणि सगळे स्टेम नव्या प्रोजेक्टमध्ये एकत्र लावले की आवाज मिक्ससारखा होत नाही, मीटर लाल होतो.

रेंडरच्या (फाइल काढण्याच्या) खिडकीतले सगळे पर्याय उलटसुलट करून झाले. चूक नेमकी कुठे शोधू?

डग्गा_आणि_डीबी

रेंडरची खिडकी आधी बंद करा. यातल्या निम्म्या गोष्टी त्या खिडकीतल्या नाहीतच.

तानपुऱ्याचं निदान तुमच्याच वाक्यात आहे: स्टेम बरोबर, मिक्समध्ये नाही. स्टेम रेंडर ट्रॅकच्या बाहेर पडणारा आवाज थेट उचलतो, तो पुढे कुठे जातो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मास्टर मिक्समध्ये मात्र जे मास्टरपर्यंत पोचतं तेवढंच येतं. म्हणजे तुमचा तानपुरा मास्टरला न जाता थेट साउंडकार्डच्या आउटपुटवर जातोय.

खात्री करायला दहा सेकंद लागतील. प्ले करा आणि मास्टरचा फेडर पूर्ण खाली ओढा. सगळं गप्प झालं आणि तानपुरा चालूच राहिला, तर हेच. आता तानपुऱ्याच्या ट्रॅकवरचं रूट बटण दाबा. वर ‘मास्टर सेंड’चा चौकोन रिकामा असेल आणि खाली ‘ऑडिओ हार्डवेअर आउटपुट्स’मध्ये आउटपुट १/२ ची नोंद असेल. गायकाला किंवा व्हायोलिनला डबिंगच्या वेळी हेडफोनवर सूर द्यायला असं जोडलं जातं आणि मग तसंच राहून जातं. हार्डवेअरची नोंद काढा, मास्टर सेंडवर टिक करा. दोन्ही एकदम चालू ठेवू नका. त्याच जोडीतून तोच आवाज दोन वाटांनी आला तर कानाला तानपुरा ६ डीबी मोठा लागेल, तुम्ही तो खाली घ्याल आणि फाइलमध्ये तो बारीक येईल.

असे आणखी ट्रॅक आहेत का हे एका नजरेत बघायचं तर ऑल्ट-आर दाबून रूटिंग मॅट्रिक्स उघडा. आडव्या ओळी ट्रॅकच्या, उभे रकाने जाण्याच्या ठिकाणांचे. मास्टरच्या रकान्यात ज्या ओळीत खूण नाही, तो ट्रॅक फोल्डरमधून किंवा सेंडमधून जातोय का ते बघा. कुठूनच जात नसेल तर मिक्सच्या फाइलमध्ये तो नसणार.

याचीच उलट चूकही तपासा. हेडफोनसाठी किंवा खोलीसाठी सुधारणा करणारं प्लगइन मास्टरच्या एफएक्समध्ये (इफेक्टच्या साखळीत) टाकलं असेल तर ते फाइलमध्ये छापलं जातं. त्याची जागा व्ह्यू मेनूतल्या मॉनिटरिंग एफएक्समध्ये. तिथलं काहीही रेंडरमध्ये जात नाही.

आता हार्मोनियम. साइडचेनसाठी तुम्ही ३/४ वर सेंड दिलात तेव्हा तो ट्रॅक चार चॅनलचा झाला. कॉम्प्रेसर ३/४ फक्त ऐकतो, गिळत नाही. गाणं त्या दोन चॅनलमधून तसंच पुढे सरकत ट्रॅकच्या शेवटापर्यंत जातं. मास्टर दोन चॅनलचा असल्यामुळे तुम्हाला ते कधी ऐकू आलं नाही. रेंडरच्या खिडकीत ‘मल्टिचॅनल ट्रॅक्स टू मल्टिचॅनल फाइल्स’वर टिक असणार, म्हणून फाइल चार चॅनलची झाली. आकार दुप्पट का, याचं उत्तरही तेच: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनलला मिनिटाला १७.२८ एमबी लागतात, ५२ मिनिटांचे साधारण ९०० एमबी. चार चॅनलचे १.८ जीबी. फाइलच्या आकारावरून चॅनल मोजायची सवय फार उपयोगी पडते, फाइल न उघडता चूक कळते.

ती टिक काढा, चॅनल ‘स्टिरिओ’ ठेवा. साइडचेन आहे तसंच राहू द्या.

स्नेहलतागंज

हार्मोनियमबद्दल एक भर. तो ट्रॅक उद्या एखाद्या फोल्डरमध्ये टाकलात आणि तो फोल्डरही चार चॅनलचा असला तर ३/४ वरचं गाणं फोल्डरच्या ३/४ वर जाऊन बसतं. तिथे साइडचेनवर ऐकणारा दुसरा कॉम्प्रेसर असेल तर तो नको तेव्हा दाबायला लागतो आणि कारण सापडता सापडत नाही. म्हणून साइडचेन घेणाऱ्या प्रत्येक ट्रॅकच्या रूटिंगमध्ये, पेरेंट सेंडपुढच्या यादीत फक्त १-२ चॅनल निवडून ठेवा.

गायनाचा स्टेम कोरडा येतो ही चूक नाही, त्या पद्धतीचा स्वभाव आहे. ‘स्टेम्स, सिलेक्टेड ट्रॅक्स’ निवडलं की ट्रॅकवरचे इफेक्ट, फेडर, पॅन एवढंच छापलं जातं. सेंडवरचा रिव्हर्ब रिव्हर्बच्याच ट्रॅकमध्ये राहतो. सोर्समध्ये ‘सिलेक्टेड ट्रॅक्स व्हाया मास्टर’ निवडा. मग प्रत्येक ट्रॅक सोलो केल्यासारखा, त्याच्या सेंडसकट आणि मास्टरमधून जाऊन छापला जातो. गायनाच्या फाइलमध्ये गायनाचा रिव्हर्ब मिळेल.

डग्गा_आणि_डीबी

दादा, इथे मी वेगळं सांगेन. व्हाया मास्टर तेव्हाच चालतं जेव्हा मास्टरवर लिमिटर-कॉम्प्रेसर नसतो. यांच्याकडे दोन्ही आहेत. मिक्समध्ये लिमिटर सगळ्यांची बेरीज पाहून दाबतो. व्हायोलिन एकटं गेलं तर उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही, मग लिमिटर त्याला हातही लावत नाही. असे सात न दाबलेले स्टेम एकत्र लावले की बेरीज शून्य डीबीच्या वर जाणारच. स्टेम कसेही काढले तरी लिमिटरशिवायची बेरीज मिक्सपेक्षा मोठी असते, चौथ्या प्रश्नातला लाल मीटर हाच. फरक एवढाच की व्हाया मास्टरमध्ये मास्टरचा कॉम्प्रेसर प्रत्येक स्टेमवर वेगळाच वागून छापला जातो, तो नंतर काढता येत नाही.

माझं मत: स्टेम काढताना मास्टरचे इफेक्ट बंद. रिव्हर्बचा स्वतंत्र स्टेम द्या. मास्टरचे इफेक्ट चालू ठेवून एक पूर्ण मिक्स वेगळं द्या, व्हिडिओवाल्याला कानासमोर ठेवायला.

स्नेहलतागंज

लिमिटरचं मान्य. ते मी लक्षात घ्यायला हवं होतं. पण व्हिडिओवाल्याला गायन थोडं वर-खाली करायचं असेल तर रिव्हर्बचा एकत्र स्टेम अडचणीचा. गायन ३ डीबी खाली घेतलं तरी त्याची गुंज तिथेच राहणार. मग असं करा:

रिव्हर्बच्या ट्रॅकच्या तीन प्रती करा, एक गायनाला, एक व्हायोलिनला, एक तबल्याला. ‘गायन स्टेम’ नावाचा फोल्डर करून त्यात गायनाचा ट्रॅक आणि त्याची रिव्हर्बची प्रत ठेवा. प्रत्येक प्रतीत फक्त आपल्याच वाद्याचा सेंड ठेवा, बाकीचे रिसीव्ह काढा, नाहीतर सगळ्यांची गुंज तिप्पट होईल. मग फोल्डरचे ट्रॅक निवडून साधे स्टेम काढा. रिव्हर्बच्या साखळीत फक्त रिव्हर्ब आणि इक्यू (खर्ज-तार कमीजास्त करणारं प्लगइन) असेल तर तिन्हींची बेरीज मूळ एका रिव्हर्बएवढीच येते. त्या साखळीत कॉम्प्रेसर असेल तर येणार नाही, कारण तोही लिमिटरसारखा बेरीज पाहूनच वागतो.

आणि टेल विसरू नका. रेंडरच्या खिडकीत टेलवर टिक करून ५००० मिलिसेकंद द्या, रिव्हर्ब लांब असेल तर जास्त. नाहीतर भैरवीच्या शेवटच्या सुरानंतर गुंज सुरीने कापल्यासारखी तुटते. गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात, इंदूरला, अतिविलंबित झूमरा ताल ऐकून कान तयार झालेले लोक आहेत, दोन मात्रांमधल्या शांततेतही काय वाजतंय ते त्यांना कळतं. शेवटच्या सुरामागची शांतता तर पहिल्यांदा कळते.

रामबागकर

तानपुरा मिळाला! मास्टर फेडर खाली घेतला तरी तो चालूच होता. हार्डवेअर आउटपुट १/२ ची नोंद होती, डबिंगच्या वेळचीच. हार्मोनियमची फाइलही दोन चॅनलची झाली. रिव्हर्बच्या तीन प्रती केल्या.

आता दोन नव्या गोष्टी. सभागृहाच्या माइकचा स्टेम एकदम मधोमध येतोय, रुंदी नाही. आणि व्हायोलिनची फाइल इतरांपेक्षा चार मिनिटांनी लहान आहे, ती लावली की आधीच सुरू होते.

डग्गा_आणि_डीबी

दुसरं आधी. सोर्समध्ये ‘सिलेक्टेड मीडिया आयटम्स’ (आयटम म्हणजे ट्रॅकवरचा आवाजाचा तुकडा) निवडलं गेलंय. त्या पद्धतीत प्रत्येक फाइल तिच्या आयटमच्या सुरुवातीपासून निघते. व्हायोलिनच्या सुरुवातीची शांतता तुम्ही कापली असेल, म्हणून फाइल तेवढीच आखूड. स्टेमसाठी नेहमी ट्रॅक निवडा, आयटम नाही, आणि बाउंड्स ‘एंटायर प्रोजेक्ट’ ठेवा. सगळ्या फाइल शून्यापासून सुरू आणि एकाच लांबीच्या. नावासाठी वाइल्डकार्ड्सच्या (नाव आपोआप भरणाऱ्या खुणांच्या) यादीतून ट्रॅकचा क्रमांक आणि ट्रॅकचं नाव असे दोन्ही घ्या, म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइल एकमेकांवर लिहिल्या जात नाहीत. स्टेम एमपी३मध्ये मात्र कधीच देऊ नका. एन्कोडर सुरुवातीला थोडी मोकळी जागा घालतो, व्हिडिओच्या टाइमलाइनवर मग काहीच जुळत नाही.

सभागृहाचे माइक: आठ चॅनलची फाइल फोडली की प्रत्येक चॅनल मोनो होतो. ७ आणि ८ दोन्ही ट्रॅक मधोमध पॅन आहेत. एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. किंवा हे दोन ट्रॅक काढूनच टाका, मूळ फाइल एका ट्रॅकवर ठेवा, आयटम निवडून एफ२ दाबा आणि चॅनल मोडमध्ये स्टिरिओ ७/८ निवडा. मला दुसरी पद्धत आवडते, फेडर एकच राहतो.

पॅन केल्यावरही मोनोच आलं तर ‘ट्रॅक्स विथ ओन्ली मोनो मीडिया टू मोनो फाइल्स’ची टिक बघा. ट्रॅकवर मोनो आयटम असला की ती टिक पॅन, स्टिरिओ रिव्हर्ब, सगळं एका चॅनलमध्ये कोंबते. तुमच्या कामात ती बंदच हवी.

एक अवांतर, पण सभागृहाच्या माइकचा विषय निघालाच आहे म्हणून. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. माइक मंचापासून १२ मीटरवर असेल तर तबल्याचा ठोका तिथे ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला १६८० सॅम्पल. टाळ्या आणि सभागृहाची हवा एवढ्यासाठीच तो ट्रॅक असेल तर हलवू नका. तबल्याचा ठोका दुहेरी वाटत असेल तर तो ट्रॅक तेवढा अलीकडे सरकवा. सरकवायचं ते रेंडरच्या आधी. स्टेम दिल्यानंतर व्हिडिओवाल्याने अंदाजाने सरकवणं हा वेगळाच गोंधळ.

सराफा_रात्र

याच धाग्यात विचारतो, विषय तोच आहे. गणपतीच्या आरतीसाठी ढोल-ताशाचा सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले ठोके वाजवणारं सॉफ्टवेअर वाद्य) घेतलाय, त्यात आठ स्टिरिओ आउटपुट आहेत. ढोल ऐकू येतो, ताशा आणि झांज मीटरवर हलतात पण आवाज नाही. आणि ढोलही जरा जास्तच मोठा आहे.

स्नेहलतागंज

सॅम्पलरच्या ट्रॅकवर चॅनलची संख्या १६ करा. ताशाच्या सेंडमध्ये उगम ३/४ बरोबर आहे, पण पोचण्याची जागाही ३/४ राहिली असणार. ती १/२ करा. ताशाचा ट्रॅक ३/४ वर घेतो, मीटर हलतो, पण मास्टरला दोनच चॅनल, म्हणून ऐकू येत नाही. झांजेला उगम ५/६, पोचणं १/२. सॅम्पलरच्या आतही प्रत्येक वाद्याचं आउटपुट वेगळं नेमावं लागतं, ते केलंय असं दिसतंय.

ढोल मोठा, कारण तो दोनदा वाजतोय. एकदा सॅम्पलरच्या ट्रॅकवरून थेट मास्टरला, एकदा ढोलच्या ट्रॅकवरून. ६ डीबीचा फरक. सॅम्पलरच्या ट्रॅकचा मास्टर सेंड बंद करा. सेंडमधलं मिडीही (वाद्य वाजवण्याच्या सूचना) ‘नन’ करा, नाहीतर पुढच्या ट्रॅकवर दुसरं वाद्य ठेवलंत की तेही वाजू लागेल.

रेंडरमध्ये ताशाचे ठोके गळायला लागले तर वेग ‘फुल-स्पीड ऑफलाइन’वरून ‘ऑनलाइन रेंडर’ करा. सॅम्पल डिस्कवरून उचलणारी वाद्यं पूर्ण वेगात कधीकधी मागे पडतात. ताशासारख्या दाट ठोक्यांत ते चटकन जाणवतं. वेळ गाण्याएवढा लागेल, पण ठोके सगळे येतील.

रामबागकर

स्टेम सगळे एका लांबीचे निघाले, सभागृहही रुंद झालं. शेवटची शंका. मास्टरचे इफेक्ट बंद करून मिक्स काढलं, स्टेम नव्या प्रोजेक्टमध्ये लावले, मिक्सची पोलॅरिटी उलटी केली, म्हणजे सारखा आवाज एकमेकांना खोडेल. पूर्ण शांतता यायला हवी ना? रिव्हर्बची शेपटी −५० डीबीच्या आसपास उरते. बाकी सगळं जातं. आणि युट्यूबसाठी −१४ एलयूएफएसला (सरासरी मोठेपणाचं माप) नॉर्मलाइज करायचं आहे, ते स्टेमवर करू का?

डग्गा_आणि_डीबी

फक्त रिव्हर्ब उरतोय म्हणजे रूटिंग बरोबर आहे. बऱ्याच रिव्हर्बमध्ये आत हळू डोलणारं मॉड्युलेशन असतं आणि प्रत्येक रेंडरला ते वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतं. मिक्स एका फेरीत, स्टेम दुसऱ्या फेरीत काढलेत म्हणून शेपट्या जुळत नाहीत. सोर्समध्ये ‘मास्टर मिक्स + स्टेम्स’ निवडा, दोन्ही एकाच फेरीत निघतात. तरी काही उरलं तर रिव्हर्बचे ट्रॅक फ्रीझ करा (त्यांचा आवाज छापून कायम करा) आणि पुन्हा तपासा. मग मीटर −१२०च्या खाली जायला हवा.

नॉर्मलाइज स्टेमवर अजिबात नाही. प्रत्येक स्टेम −१४ला गेला तर तानपुरा आणि गायन एकाच उंचीवर येतील, मिक्स करायला घालवलेले सगळे दिवस पुसले जातील. ते फक्त शेवटच्या पूर्ण मिक्सवर, आणि तिथेही लिमिटर किती दाबतोय ते कानाने तपासून.

स्टेम ३२ बिट फ्लोटमध्ये काढा. शून्याच्या वर गेलेला सूर त्यात कापला जात नाही, व्हिडिओवाल्याने फेडर खाली घेतला की परत मिळतो. २४ बिटमध्ये कापला तो गेलाच. प्रत्येक स्टेम सुमारे १.२ जीबीचा होईल, सातांचे साडेआठ. आठही चॅनल एकाच फाइलमध्ये मागितले तर मात्र ३२ बिटला ती ४.८ जीबीच्या आसपास जाते आणि साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबीची आहे. वेव्हच्या पर्यायांत मोठ्या फाइलसाठी आरएफ६४ निवडा आणि त्यांचं सॉफ्टवेअर ती उघडतं का ते पाच मिनिटांच्या तुकड्यावर आधी तपासून घ्या. तो तुकडाही सक्तीने आरएफ६४ म्हणूनच काढा, नाहीतर तो साधा वेव्ह निघेल आणि तपासणीच होणार नाही.

रामबागकर

‘मास्टर मिक्स + स्टेम्स’ने काढलं. पोलॅरिटी उलटी केल्यावर मीटर हललाच नाही. दोघांचेही मनापासून आभार. सात स्टेम ३२ बिटमध्ये, एक मिक्स मास्टरच्या इफेक्टसह, असं आज पाठवतोय.